नवा कच्चा पुएर चहा: पाण्यागणिक चव कशी घ्यावी

पुएर हा चीनच्या नैर्ऋत्येकडील युन्नान प्रांतातला चहा आहे. तिथल्या मोठ्या पानाच्या झाडांचे शेंडे खुडून ते थोडे कोमेजू देतात, तापलेल्या कढईत परततात, मळतात आणि उन्हात वाळवतात. या सुट्या चहाला तिथे माओचा म्हणतात. तो वाफेवर मऊ करून दाबला की त्याची चकती होते. चकतीचे रूढ वजन ३५७ ग्रॅम असते आणि अशा सात चकत्या बांबूच्या सुकलेल्या सालपटात एकत्र बांधून साधारण अडीच किलोचा एक गठ्ठा करतात. चीनच्या २००८ सालच्या राष्ट्रीय मानकानुसार युन्नानमधील ठरावीक प्रदेशात पिकलेल्या, मोठ्या पानाच्या आणि उन्हात वाळवलेल्या चहापासून केलेल्या मालालाच पुएर हे नाव लावता येते.

पुएरचे दोन प्रकार आहेत. ओल्या ढिगात काही आठवडे आंबवून काळपट केलेला तो पक्का पुएर, म्हणजे शोउ. ही पद्धत १९७३ च्या सुमारास कुनमिंग येथे बसवली गेली. ढिगात न आंबवता तसाच दाबलेला तो कच्चा पुएर, म्हणजे शंग. कच्चा पुएर वर्षानुवर्षे ठेवला तर हळूहळू मुरतो, आणि त्याची कीर्ती मुख्यतः या मुरलेल्या रूपामुळे झाली आहे. या लेखाचा विषय मात्र त्याचे नवे रूप आहे: दाबून साधारण पाच वर्षांच्या आतली चकती, जिची पाने अजून हिरवट आहेत, जिचा अर्क पिवळसर उतरतो आणि जी नवख्या माणसाला पहिल्याच घोटात कडू लागते.

हा कडूपणा दोष समजून बहुतेक लोक पहिल्या पेल्यानंतर हा चहा सोडून देतात, किंवा पाणी इतके कोमट करतात की कडूपणाबरोबर बाकी सगळेच निघून जाते. नव्या कच्च्या पुएरबद्दलचे मत एका पेल्यावरून बनवता येत नाही. तीच पाने पुन्हा पुन्हा भिजवली असता कडूपणा कुठे वाढतो, कुठे ओसरतो, ओसरल्यावर त्याच्या जागी काय येते आणि घशात काय मागे राहते, या सगळ्या प्रवासाला इथे चव म्हणायचे. त्यामुळे खालील सूचनांमध्ये पाणी हा शब्द दोन अर्थांनी येईल: एक नेहमीचे पाणी, आणि दुसरे, पाने एकदा भिजवून काढलेला अर्क, म्हणजे पहिले पाणी, दुसरे पाणी, तिसरे पाणी.

पान असे का वागते

आपल्या घरात उकळणारा आसामचा चहा आणि युन्नानचा पुएर हे चहाच्या झाडाच्या एकाच उपजातीचे, आसामिकाचे, वाण आहेत. या उपजातीच्या पानात पॉलिफेनॉल भरपूर असतात आणि कडूपणा व तुरटपणा मुख्यतः त्यांच्याकडून व कॅफिनकडून येतो. घरच्या चहात हे जाणवत नाही, कारण सीटीसी यंत्रात पान चिरडून पूर्ण ऑक्सिडीकरण झालेले असते आणि वर दुधातील प्रथिने उरलेला तुरटपणा बांधून टाकतात. नव्या कच्च्या पुएरमध्ये यांपैकी काहीच झालेले नसते. पान बरेचसे अखंड असते, ऑक्सिडीकरण थोडेच झालेले असते आणि पेल्यात दूध नसते. (आसाम व अरुणाचलातील सिंगफो लोक बांबूच्या नळीत ठासून धुराजवळ ठेवलेला फालाप नावाचा चहा करतात, पुएरचा भारतातला सर्वांत जवळचा नातलग शोधायचा झाला तर तो तिथे सापडेल.)

कढईतल्या परतण्याला विशेष महत्त्व आहे. हिरव्या चहासाठी पान असे तापवतात की त्यातील विकरे जवळजवळ पूर्ण निष्क्रिय व्हावीत. पुएरमध्ये हे काम जरा हात राखून केले जाते आणि वाळवणही भट्टीत न करता उन्हात होते, त्यामुळे पानात पुढे बदलत राहण्याची क्षमता शिल्लक राहते. उत्पादकाने घाई करून कढई जास्त तापवली किंवा भट्टीत वाळवले, तर चहा आज सुगंधी आणि सौम्य लागतो, पण तो वास्तविक दाबलेला हिरवा चहा असतो. नवख्याला असा चहा हमखास आवडतो, म्हणून ही गोष्ट आधीच सांगून ठेवली.

काय विकत घ्यावे

पहिल्या खरेदीत पूर्ण चकती घेऊ नये. अनेक विक्रेते २५ किंवा ५० ग्रॅमचे नमुने देतात. वेगवेगळ्या भागांतले तीन-चार नमुने घेणे हा पैशांचा सर्वांत चांगला उपयोग आहे. युन्नानमध्ये शीश्वांगबान्ना, पुएर आणि लिनत्सांग हे तीन मुख्य विभाग आहेत. शीश्वांगबान्नामधील मेंगहाय तालुक्यातल्या बुलांग डोंगरावरचा चहा ठसठशीत कडू म्हणून ओळखला जातो, तर त्याच विभागाच्या पूर्वेकडील यीवू मऊ आणि गोडसर म्हणून. पुएर शहराच्या हद्दीतील जिंगमाय डोंगरावरच्या चहाला फुलांसारखा सुवास असतो. तिथल्या जुन्या चहावनांचा समावेश २०२३ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत झाला. लिनत्सांगमधील मेंगकू भागाचा चहा सुवासिक आणि जोरकस असतो. एक बुलांग, एक यीवू आणि एक मेंगकू असे तीन नमुने शेजारी ठेवले तर पुएर म्हणजे एकच चव हा समज लगेच दूर होतो.

एखादा ठरलेला, सहज मिळणारा चहा आधाराला हवा असेल तर मेंगहाय चहा कारखान्याचा ७५४२ घ्यावा. हे आकडे त्याच्या मिश्रणाचा परिचय देतात: पहिले दोन म्हणजे मिश्रण ठरवल्याचे वर्ष १९७५, तिसरा म्हणजे पानाची प्रत आणि शेवटचा २ म्हणजे मेंगहाय कारखाना. हा चहा नवा असताना चांगलाच कडक असतो, पण अनेक वर्षांपासून एकाच साच्यात निघत असल्याने इतर चहा ताडून पाहायला तो उपयोगी पडतो.

वेष्टनावरच्या मोठ्या नावांवर विश्वास ठेवू नये. लाओ बानझांग हे बुलांग डोंगरावरचे एक गाव आहे आणि तिथल्या पानाला प्रचंड भाव मिळतो, त्यामुळे त्या गावात पिकेल त्याच्या कित्येक पट चकत्यांवर त्याचे नाव छापलेले आढळते. शेकडो वर्षांच्या झाडांचा चहा असल्याचा दावाही असाच सैल वापरला जातो. पुएरचा बाजार २००७ साली सट्ट्याने फुगून कोसळला होता. भाव पुढे पुन्हा चढले आणि नावांचा हा खेळही चालू राहिला. स्वस्त चकतीवर असे नाव दिसले तर ते नाव वगळून चहा परवडतो का आणि आवडतो का, एवढेच पाहावे.

सामान

१०० मिलिलिटरच्या आसपासचे गायवान, म्हणजे झाकण आणि बशी असलेली पांढऱ्या चिनीमातीची वाटी, हे मुख्य साधन. यीशिंगच्या मातीच्या किटल्या सुंदर असतात, पण माती वास आणि चवीचा काही भाग शोषते. शिकताना तटस्थ चिनीमातीच हवी. याशिवाय अर्क ओतून घ्यायला काचेचे तोटीचे भांडे, बारीक गाळणी, ३० ते ५० मिलिलिटरचे पांढरे पेले, सांडलेल्या पाण्यासाठी खोलगट ताट आणि ०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा एवढे पुरते. काट्यावर खर्च करणे अनेकांना विचित्र वाटते. दाबलेल्या चहाचे तुकडे डोळ्यांना फसवतात आणि ४ ग्रॅम व ७ ग्रॅम यांतला फरक पेल्यात फार मोठा असतो, म्हणून माझ्या मते काटा गायवानाइतकाच आवश्यक आहे.

चकती फोडण्यासाठी बोथट टोकाची चहाची सुई किंवा पातळ सुरी मिळते. चकती टेबलावर आडवी ठेवावी, एका हाताने तिची मागची बाजू दाबून धरावी आणि सुई कडेतून, चकतीच्या थरांना समांतर, आत सरकवावी. हाताचा कुठलाही भाग सुईच्या रोखात नसावा, कारण ती निसटली तर खोल जखम होते. सुई दोन-तीन सेंटिमीटर आत गेल्यावर हलकेच वर उचलली की थर सुटतो. नाही सुटला तर तीच सुई शेजारी पुन्हा सरकवावी. वरून टोचून तुकडे पाडले तर पाने तुटतात, चुरा होतो आणि चुऱ्यातून कडूपणा एकदम उतरतो. चकतीच्या मागच्या मध्यभागी खळगा असतो, तिथे दाब सर्वांत घट्ट असतो. तो भाग शेवटी वापरावा. युन्नानमधल्या श्यागुआन कारखान्याचे वाटीच्या आकाराचे गोळे, म्हणजे तुओचा, तर इतके घट्ट दाबलेले असतात की नवख्याने त्यांच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नये.

पाणी आणि त्याचे तापमान

चहाच्या पेल्यात जवळपास सगळे पाणीच असते आणि तरीही चव बिघडली की आधी चहाला दोष दिला जातो. बोअरवेलच्या जड पाण्यात नवा पुएर गढूळ, बोथट आणि मातकट लागतो. याउलट आरओ यंत्राने खनिजे जवळपास शून्यावर आणलेले पाणी वापरले तर अर्क पोकळ आणि टोकदार लागतो. विरघळलेले क्षार लिटरला साधारण ५० ते १५० मिलिग्रॅम असलेले पाणी बरे. घरात आरओ असेल तर त्यात महापालिकेचे गाळलेले पाणी थोडे मिसळून पाहावे. दोन्ही पाण्यांनी तोच चहा शेजारी-शेजारी केला की फरक स्वतःच कळतो.

तापमानाबद्दल बरेच वाद आहेत. नवा कच्चा पुएर हिरव्या चहासारखा ८० अंशांवर करावा असे अनेकजण सांगतात. मला हे पटत नाही. कमी तापमानात दाबलेला तुकडा उघडत नाही, सुवास दबतो आणि चहातले दोषही लपतात, त्यामुळे आपण काय विकत घेतले हे समजायला मार्ग उरत नाही. दुसरीकडे, उकळत्या पाण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे की कुनमिंग समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटरवर आहे आणि तिथे पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळते. मेंगहाय सुमारे १,२०० मीटरवर आहे, तिथे ९६ अंशांना. मुंबईत किटली १०० अंशांना उकळते, पुण्यात ९८ ला. म्हणजे मुंबईकराने पाणी उकळून मिनिटभर थांबणे आणि युन्नानमध्ये उकळते पाणी वापरणे यांत फारसा फरक नाही. ९५ अंश हे तापमान धरून सुरुवात करावी आणि कडूपणा आवरायचा असेल तर वेळ कमी करावा, तापमान नव्हे.

पहिली बैठक

५ ग्रॅम चहा आणि १०० मिलिलिटरचे गायवान घ्यावे. अनुभवी माणसे ७ ग्रॅम घालतात, पण तेवढ्या चहाला अर्ध्या सेकंदाची चूकही महाग पडते. गायवानात गरम पाणी भरून ते टाकून द्यावे, गरम वाटीत कोरडा चहा घालावा, झाकण लावून दोनदा हलवावे आणि झाकण उघडून वास घ्यावा. चकतीच्या थंड तुकड्याला वास जवळजवळ नसतो. गरम वाटीत मात्र वाळलेले गवत, जर्दाळू, मध, कधी कढईतला धूर अशा गोष्टी स्पष्ट होतात.

आता पाने धुवावीत. पाणी ओतावे आणि लगेच, ४-५ सेकंदांत, टाकून द्यावे. यामुळे धूळ व चुरा निघतो आणि मुख्य म्हणजे तुकडा आतपर्यंत गरम होऊन सैल पडू लागतो. धुण्याने कॅफिन निघून जाते असे सांगतात, ते खरे नाही. इतक्या वेळात त्याचा थोडाच भाग उतरतो. झाकण लावून मिनिटभर थांबावे. या मिनिटात पान वाफेने फुलते आणि पहिले पाणी अधिक सारखे उतरते.

गायवान धरण्याची रीत अशी: अंगठा आणि मधले बोट वाटीच्या बाहेर वळलेल्या काठावर समोरासमोर, तर्जनी झाकणाच्या गाठीवर, आणि झाकण थोडे तिरके, जेणेकरून फटीतून अर्क बाहेर येईल पण पाने अडतील. पाणी काठापर्यंत भरले तर काठच तापतो आणि बोटे भाजतात, म्हणून पाणी काठाच्या बोटभर खाली ठेवावे. पहिले काही दिवस गार पाण्याने ओतण्याचा सराव करणे शहाणपणाचे आहे. गायवान रिकामे व्हायला ४-५ सेकंद लागतात आणि तेवढा वेळ पाने भिजतच असतात. म्हणून खाली दिलेल्या वेळा पाणी ओतून झाल्यापासून अर्क ओतायला सुरुवात करेपर्यंतच्या आहेत. शेवटचा थेंबही काढून घ्यावा, नाहीतर तळाशी राहिलेले पाणी पुढच्या पाण्यात कडूपणा घेऊन येते.

पहिल्या पाण्याला ८ सेकंद द्यावेत, कारण तुकडा अजून पूर्ण उघडलेला नसतो. दुसऱ्याला ५ आणि तिसऱ्याला ५. चौथ्याला ७, पाचव्याला १०, सहाव्याला १५, सातव्याला २०, आठव्याला ३०, नवव्याला ४५ आणि दहाव्याला मिनिटभर. पुढे प्रत्येक वेळी वेळ साधारण दुप्पट करत जावे. हे आकडे म्हणजे पंचांग नव्हे. दर वेळी आधीचे पाणी कसे लागले ते पाहून पुढची वेळ ठरवायची असते: ते झोंबले तर वेळ तेवढीच ठेवावी, पातळ वाटले तर वाढवावी.

पेल्यात काय शोधावे

पहिले पाणी सहसा सौम्य आणि सुवासिक असते, आणि याच पाण्यावर लोक फसतात. अर्क फिक्या पिवळ्या रंगाचा असतो. चकती फोडताना झालेल्या चुऱ्यामुळे थोडा धूसर असला तर काळजी करू नये. अर्क ओतून झाल्यावर आधी झाकणाच्या आतल्या बाजूचा वास घ्यावा, तो सगळ्यांत उघड असतो. मग पेला. चहा फुंकर न घालता, पण जीभ भाजणार नाही इतका निवाल्यावर, भुरका मारून प्यावा. भुरक्यामुळे हवा आत जाते आणि सुवास नाकाच्या मागच्या वाटेने वर चढतो. शिष्टाचारापेक्षा इथे हे महत्त्वाचे आहे.

दुसऱ्या ते चौथ्या पाण्यात चहा आपले खरे रूप दाखवतो. इथे कडू आणि तुरट या दोन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या कराव्यात. कडूपणा ही चव आहे. तुरटपणा हा स्पर्श आहे: पॉलिफेनॉल लाळेतील प्रथिनांना चिकटतात, लाळेचा वंगणासारखा गुण कमी होतो आणि तोंड आवळल्यासारखे होते. तो तपासण्यासाठी गिळल्यानंतर जीभ टाळूवर घासून पाहावी. खरखरीत वाटले तर तो तुरटपणा. मग काही न पिता अर्धा मिनिट थांबावे. या अर्ध्या मिनिटात जे घडते त्यासाठीच नवा कच्चा पुएर प्यायचा असतो. चांगल्या चहात कडूपणा जिभेवर ठाण मांडून बसत नाही. तो वितळतो, जिभेच्या कडांना पाणी सुटते आणि आवळा खाऊन पाणी प्यायल्यावर येतो तसा गोडवा घशाकडून वर येतो. याला चिनी चहापंथात हुईगान म्हणतात. कडूपणा तसाच राहिला, तोंड कोरडे पडले आणि घसा खवखवला, तर चहा कमअस्सल आहे किंवा आपण तो जास्त भिजवला आहे. यांपैकी नेमके काय, हे पुढचे पाणी ३ सेकंदांत काढून तपासता येते. वेळ कमी करूनही घसा खवखवत असेल तर दोष पानाचा.

पुढचा प्रश्न आहे अंगाचा. काही चहा पाण्यासारखे सरळ खाली जातात, काही तोंडात भरल्यासारखे वाटतात आणि त्यांना एक तुकतुकीत जाडी असते. हा गुण सुवासापेक्षा टिकाऊ आहे. नव्या चहाचा वरवरचा सुवास वर्ष-दोन वर्षांत उतरतो, पण अंग नसलेल्या चहाला अंग क्वचितच येते. पेला रिकामा झाल्यावर तो थंड होऊ द्यावा आणि मग हुंगावा. तळाशी राहिलेला मध किंवा खडीसाखरेसारखा वास हा चांगल्या पानाचा पुरावा मानला जातो आणि माझ्या अनुभवात तो झाकणाच्या वासापेक्षा जास्त भरवशाचा असतो.

पाचव्या पाण्यापासून कडूपणा मागे हटू लागतो आणि चहा एकसंध होतो. सातव्या-आठव्या पाण्यापर्यंत सुवास विरळ होतो, रंग उतरतो आणि आतापर्यंत झाकलेला गोडवा उघडा पडतो. साधारण मळ्यातल्या, दाट लावलेल्या झुडपांचा चहा इथे अचानक कोसळतो: सहावे पाणी भरदार आणि सातवे नुसते रंगीत, असा प्रकार होतो. चांगले पान दहा-बारा पाण्यांपर्यंत हळूहळू खाली येते. शेवटी ही पाने लहान पातेल्यात २०० मिलिलिटर पाण्यात दोन मिनिटे उकळावीत. या अर्कात कडूपणा नगण्य असतो आणि तो जेवणानंतर प्यायला छान लागतो.

भिजलेली पाने

बैठक संपल्यावर गायवान पांढऱ्या ताटलीत उपडे करावे आणि पाने बोटांनी उलगडावीत. हे काम बहुतेक पुस्तकी सूचनांमध्ये एका ओळीत उरकले जाते, पण विक्रेत्याने सांगितलेल्या कोणत्याही गोष्टीपेक्षा ही ताटली जास्त बोलते. एक कळी आणि दोन-तीन पाने असलेले अखंड शेंडे दिसतात का? पान ताणले तर चामड्यासारखे लवचीक आहे की लगेच फाटते? कडा किंवा देठ लालसर असतील तर कढईत जाण्याआधी पान फार वेळ पडून राहिले होते. थोडी लाली चालते, सगळीच पाने लाल असतील तर चहा गोडसर पण बोथट लागलेला असणार. काळे जळके ठिपके असतील तर कढई फार तापली होती, आणि पेल्यातला धुराचा वास बहुधा चुलीतून आला होता. पिवळी, जाड, न वळलेली पाने म्हणजे हुआंगप्येन. ती जून पाने असून सौम्य व गोडसर असतात, दिसायला गबाळी म्हणून वगळली जातात. सगळी पाने एकसारखी चमकदार हिरवी असतील आणि चहाला भाजक्या चण्यासारखा खमंग वास असेल, तर वर सांगितलेल्या दाबलेल्या हिरव्या चहाची शंका घ्यावी.

दोन चहांची तुलना

गायवानाच्या बैठका वेगवेगळ्या दिवशी झाल्या तर हाताचा वेग, भूक आणि मनःस्थिती यांमुळे तुलना बिघडते. दोन नमुन्यांत निवड करायची असेल तर चहा परीक्षकांचे रूढ प्रमाण वापरावे: १ ग्रॅमला ५० मिलिलिटर उकळते पाणी. दोन सारख्या पांढऱ्या मगांत ३-३ ग्रॅम चहा, प्रत्येकी १५० मिलिलिटर पाणी, ५ मिनिटे, मग दोन्ही गाळून शेजारी-शेजारी. हा अर्क सुखद लागणार नाही आणि लागावा अशी अपेक्षाही नाही. खोट्या सुवासाला, धुराला आणि आंबटपणाला इथे लपायला जागा उरत नाही. चाखायला चमचा वापरावा आणि दोन घोटांमध्ये साधे पाणी प्यावे.

वहीत नोंद ठेवताना सुवासांच्या लांबलचक याद्या करू नयेत. कितव्या पाण्याला कडूपणा सर्वांत जास्त होता, तो किती वेळात वितळला, गोडवा कुठे जाणवला आणि कोणत्या पाण्याला चहा संपला, या चार गोष्टी लिहिल्या की सहा महिन्यांनी तीच चकती पुन्हा काढल्यावर तिच्यात काय बदलले ते कळते.

कार्यालयात एवढा सरंजाम शक्य नसतो. उंच काचेच्या ग्लासात २ ग्रॅम चहा, वर ३०० मिलिलिटर गरम पाणी, आणि अर्धा ग्लास संपला की पुन्हा पाणी: चीनमध्ये कोट्यवधी लोक रोजचा चहा असाच पितात. कडक बुलांगपेक्षा यीवूसारखा मऊ चहा यासाठी घ्यावा.

पोट आणि झोप

नवा कच्चा पुएर उपाशीपोटी पिऊ नये. मळमळणे, हात थरथरणे आणि डोके हलके होणे असा त्रास त्याने होऊ शकतो. चिनी लोक त्याला चहाची नशा म्हणतात आणि त्यावर काहीतरी गोड खाणे हा त्यांचा उपाय आहे. गुळाचा खडा किंवा चिक्की उत्तम काम करते. कोरड्या पानात वजनाच्या साधारण २ ते ४ टक्के कॅफिन असते, आणि दहा पाणी पिणारा माणूस त्यातले बहुतेक पोटात घेतो, म्हणून एकट्याने पिताना ५ ग्रॅम पुरे आणि दुपारनंतर बैठक नको. चहातील पॉलिफेनॉलमुळे वनस्पतिजन्य अन्नातील लोहाचे शोषण कमी होते; ज्यांचे हिमोग्लोबिन कमी आहे किंवा ज्यांना लोहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी जेवण आणि चहा यांत तास-दोन तासांचे अंतर ठेवावे. वजन घटवण्याचा चहा म्हणून पुएर विकला जातो. त्या आशेने तो घेऊ नये.

उरलेली चकती

चकती तिच्या मूळ कागदातच गुंडाळून जाड, वास नसलेल्या झिपच्या पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावी. स्वयंपाकघर आणि देवघर या दोन्ही जागा वर्ज्य, कारण हिंग, मसाला आणि उदबत्ती यांचे वास चहा आठवडाभरात ओढून घेतो. फ्रिजची गरज नाही. पुण्या-नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात बंद पिशवीत चहाला धोका नसतो. मुंबईत, कोकणात आणि गोव्यात मात्र जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहते आणि उघड्यावर ठेवलेल्या चकतीला बुरशी येते. पावसाळा सुरू होण्यापूर्वी, मे महिन्यातल्या कोरड्या दिवशी, ती पिशवीत हवाबंद करावी, पावसात पिशवी वारंवार उघडू नये, आणि त्या चार महिन्यांपुरता लागणारा चहा आधीच फोडून वेगळ्या छोट्या डब्यात काढून ठेवावा. पांढरी, हिरवी किंवा पिवळी बुरशी दिसली किंवा कुबट वास आला, तर तेवढाच भाग खरवडून बाकीचा पिण्याचा मोह टाळून ती चकती टाकून द्यावी.